चालकाचे डोळे, मालकाची जबाबदारी

आपल्या वडनेरवरून नागपूर-हैदराबाद महामार्ग क्र. 44, म्हणजे पूर्वीचा क्र. 7, जातो. मालवाहू गाडी चालवणाऱ्यास परवान्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. पण 2019 च्या दुरुस्तीपासून नूतनीकरण साधारणतः पाच वर्षांनी होते. मोतीबिंदू तोवर थांबतो काय? समोरचा दिवा फाकू लागतो. चालक मात्र गप्प बसतो, कारण बोलला की रोजी जाते. म्हणून मालकाने दरवर्षी स्वखर्चाने त्याचे डोळे तपासून घ्यावेत, चष्मा द्यावा आणि उपचार होईतो दुसरे काम द्यावे. घासलेला टायर बदलतोच ना तो! सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहे. मुलांनो, घरी अब्बा गाडी चालवत असतील तर आज एवढे विचारा: रात्री समोरच्या गाडीचा दिवा कसा दिसतो?