तोटा कामगाराच्याच ताटात का?



मी चार इयत्ता शिकलेला माणूस. हिशेब मला पगाराच्या चिठ्ठीनं शिकवला. म्हणून आज हिशेबाचंच बोलतो.

गिरणी तोट्यात आली की पहिली नोटीस कुणाच्या नावानं लागते? आपल्या! हे आजचं नाही. १९२५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी मंदीचं कारण सांगून मजुरीत साडेअकरा टक्के कपात पुकारली. आपले आजे-पणजे सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत संपावर राहिले. डिसेंबरात सरकारनं गिरणीच्या कापडावरचा साडेतीन टक्के कर तहकूब केला, आणि कपात मागं गेली. म्हणजे पैसा दुसरीकडूनही निघत होता. पण आधी हात घातला तो कामगाराच्या ताटात.

आता वरच्या मजल्यावर बघा. जुन्या गिरण्यांचा कारभार मॅनेजिंग एजंटांकडे असे. मुंबईत सुरुवातीला त्यांचं कमिशन निघालेल्या मालावर असे, पौंडामागे पाव आणा. कंपनी बुडो की तरो, माल वजनाला लागला की पाव आणा एजंटाच्या खिशात. भागधारक उपाशी, कामगार अर्धपोटी, आणि एजंट ढेकर देतोय! ही एजन्सी कायद्यानं १९७० साली बंद झाली.

एजन्सी गेली, खोड गेली का? २०१३ चा कंपनी कायदा म्हणतो, संचालक-मॅनेजरांचा एकूण मेहनताना नफ्याच्या अकरा टक्क्यांत ठेवा. ठीक. पण नफाच नसेल तर? त्याचीही सोय आहे. अगदी लहान भांडवलाच्या कंपनीतसुद्धा एका साहेबाला वर्षाला ६० लाखांपर्यंत देता येतात. भागधारकांनी खास ठराव केला तर त्याहून जास्त. महिन्याचे पाच लाख, नफा नसताना! आणि आपला बदलीवाला गेटवरून रिकाम्या हातानं परत जातो.

साहेबाला आपल्याइतकाच पगार द्या, असं मी म्हणत नाही. कापूस कधी घ्यावा हे ज्याला कळतं, त्याला चार पैसे जास्त मिळू देत. पण चढ्या भावानं गाठी त्यानं घेतल्या, तर भुर्दंड साचाखात्यानं का भरायचा? १९८२ च्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढं गिरण्या आजारी म्हणून बंद पडल्या, आणि त्यांच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले. धंदा आजारी, जमीन ठणठणीत!

तेव्हा आमचं म्हणणं असं. कपात करायचीच तर वरून करा. आधी संचालक, मग मॅनेजर, मग खातेप्रमुख, शेवटी आम्ही. गिरणी सावरली की भरपाई खालून सुरू करा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला साहेबाचा पगार मधल्या कामगाराच्या किती पट, हे अहवालात छापावंच लागतं. तो आकडा आमच्या मालकांनीही काढावा, आणि मराठीत, खडूनं, गेटच्या फळ्यावर लिहावा. मग कपातीच्या बोलणीला बसू.

सह्यांचे कागद टेबलावर आहेत. अंगठाही चालेल. दुसऱ्या पाळीवाल्यांनी आधी पुढं या, भोंग्याला थोडाच वेळ राहिलाय.