मुक्त स्रोत सॉफ्टवेअर : चाचणी, प्रसारण आणि देखभाल
(राहुरी येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘वाण प्रसारित झाला’ या शब्दांचा अर्थ राहुरीत कोणाला समजावून सांगावा लागत नाही. येथे १९६८ साली स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठाने, म्हणजेच आजच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाने, केवळ रब्बी ज्वारीपुरते पाहिले तरी हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी कोरडवाहूसाठी फुले वसुधा आणि भारी बागायतीसाठी फुले रेवती असे वाण शेतकऱ्यांच्या हाती दिले. असा वाण बाहेर पडण्यापूर्वी अनेक हंगाम, अनेक ठिकाणच्या जमिनीत त्याला कसोटीस उतरावे लागते. राज्यातील चारही कृषि विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत त्याची छाननी होते आणि बियाणे अधिनियम, १९६६ अन्वये अधिसूचना निघते. इतके झाले म्हणजे पैदासकाराचे काम संपले, असे मात्र नव्हे. मूळ बियाणे वेगळ्या तुकड्यात राखणे, भेसळ झाडे वेळीच उपटून टाकणे, पैदासकार बियाण्यापासून पायाभूत आणि पायाभूतपासून प्रमाणित बियाणे तयार होताना शुद्धता टिकते की नाही हे पाहणे, हा उद्योग वर्षानुवर्षे चालू राहतो. तो थांबला तर काही हंगामांत वाणाचे नाव तेवढे शिल्लक राहते.

आजचा विषय संगणकाचा आहे, परंतु ज्यांनी बियाण्याची ही साखळी पाहिली आहे त्यांना तो परका वाटण्याचे कारण नाही.

संगणकाकडून काम करून घेणाऱ्या सूचनांचा संच म्हणजे सॉफ्टवेअर. हा संच प्रथम माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिला जातो. त्या मूळ लेखनास स्रोत म्हणतात. बहुतेक व्यापारी कंपन्या हा स्रोत स्वतःजवळ गुप्त ठेवतात आणि ग्राहकाला केवळ तयार माल देतात. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या बाबतीत तो सर्वांना खुला असतो. कोणीही तो वाचावा, वापरावा, त्यात फेरफार करावा आणि परवान्याच्या अटी पाळून दुसऱ्यास द्यावा. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये या विचाराचा पाया घातला. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स जगापुढे ठेवले आणि आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्ये, म्हणजे खेड्यापाड्यांतील खिशाखिशांत, तेच लिनक्स गाभ्याशी आहे. आपल्याकडील २००१ चा वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदाही शेतकऱ्याला संरक्षित वाणाचे बियाणे राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि नाममुद्रा न लावता विकण्याचा अधिकार देतो. दोहोंत साम्य आहे, पण ते ओढूनताणून फार पुढे नेऊ नये. बियाणे पेरले की संपते. सॉफ्टवेअरच्या कितीही प्रती काढल्या तरी मूळ संच घटत नाही. झिजतात ती त्याची राखण करणारी माणसे.

आचार्य आणि आचारी

चाचणी म्हणजे नेमके काय, हे मराठी माणसाला एका जोडीवरून चटकन समजेल. ‘आचार्यांना’ दक्षिणा द्यायची असते आणि ‘आचाऱ्यांना’ मजुरी. दोन्ही शब्दांत र आणि य यांचेच जोडाक्षर आहे, परंतु एका ठिकाणी रफार डोक्यावर जातो आणि दुसऱ्या ठिकाणी अर्धा र आडवा राहतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांचेही तसेच. हिंदीला या आडव्या अर्ध्या र ची गरज पडत नाही. त्यामुळे देवनागरी म्हणजे हिंदी, असे समजून कोणी सॉफ्टवेअर तपासले तर मराठी मजकुरातला दोष त्याच्या ध्यानातही येणार नाही. दाखल्यावर नाव चुकीचे उमटेल, आणि दोष मात्र टंकलेखकाच्या माथी मारला जाईल.

पडद्यावर अक्षरे योग्य रीतीने जुळवून मांडण्याचे काम हार्फबझ नावाचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर करते. अँड्रॉइड, फायरफॉक्स आणि लिब्रे ऑफिस ही तिन्ही त्यावर विसंबून आहेत. इराणमध्ये जन्मलेले बेहदाद एस्फहबोद यांनी त्याची देखभाल दीर्घकाळ केली. जगभरच्या लिप्यांसाठी विकिपीडियातील मजकुरांमधून शब्द गोळा करण्यात आले. त्यांत देवनागरीचे सुमारे सात लाख शब्द होते. प्रत्येक शब्द हार्फबझने कसा मांडला आणि मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीने कसा मांडला याची तुलना केली गेली, आणि न जुळलेल्या शब्दांची संख्या वेळोवेळी नोंदली गेली. शिवाय एखादा दोष सापडून दुरुस्त झाला की तो नमुना कायमचा चाचणीत समाविष्ट होतो, म्हणजे पुढच्या एखाद्या दुरुस्तीने जुनी चूक पुन्हा डोके वर काढली तर ती प्रसारणापूर्वीच पकडली जाते. अक्षरांच्या आकारांचे कामही असेच चालले. भारतीय भाषांसाठी लोहित हे टंकसंच रेड हॅट कंपनीने मुक्त परवान्याखाली दिले आणि त्यांच्या देखभालीत पुण्यातील अभियंत्यांचा मोठा वाटा राहिला.

चाचण्या उतरल्या की प्रसारण. येथेही घाई चालत नाही. लिब्रे ऑफिसच्या वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या निघतात. प्रत्येक आवृत्तीआधी नवे बदल स्वीकारणे बंद करतात, कच्ची आवृत्ती इच्छुकांना वापरून पाहण्यास देतात आणि त्यांच्या तक्रारी निवारल्यावरच पक्की आवृत्ती बाहेर पडते. शेतकऱ्याच्या शेतावर मिनिकिट देऊन वाण अजमावण्यासारखाच हा प्रकार आहे.

अर्ध्या सेकंदाचा विलंब

देखभालीकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, याची जाणीव जगाला २०१४ मध्ये झाली. संकेतस्थळांवरील व्यवहार गुप्त राखणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये त्या वर्षी गंभीर दोष आढळला. जगातील मोठमोठ्या कंपन्या त्यावर अवलंबून होत्या, आणि त्याची राखण करणाऱ्यांना देणग्या मिळत होत्या वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलर. पण २०२४ चे प्रकरण त्याहून अधिक बोधप्रद आहे.

एक्सझेड हे माहिती दाबून लहान करणारे एक छोटेसे मुक्त सॉफ्टवेअर. लासे कोलिन हे एकटे गृहस्थ अनेक वर्षे त्याची विनामोबदला देखभाल करीत होते. काम साचत गेले, प्रकृतीची कुरबूर होती, आणि दुरुस्त्यांना उशीर का, असा तगादा लोक लावीत होते. २०२१ पासून ‘जिया तान’ असे नाव सांगणारी एक व्यक्ती मदतीला येऊ लागली. कामे चोख होत होती. हळूहळू विश्वास बसला आणि देखभालीत, पुढे नव्या आवृत्त्या काढण्यातही, तिचा वाटा झाला. फेब्रुवारी व मार्च २०२४ मध्ये या व्यक्तीने काढलेल्या दोन आवृत्त्यांत एक चोरदरवाजा लपविलेला होता. दूरस्थ संगणकांचा ताबा घेता यावा, हा त्याचा हेतू.

तो लपविला कोठे, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. काही भाग चाचणीसाठी ठेवलेल्या नमुन्यांतच दडविला होता. तो कार्यान्वित करणारी ओळ सर्वांना दिसणाऱ्या स्रोतात नव्हती. ती केवळ वितरणासाठी बांधलेल्या गाठोड्यात घातली होती. म्हणजे शेतातील बीजोत्पादन स्वच्छ, आणि टॅग लावलेल्या पिशवीत भेसळ. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना आपल्या संगणकावर प्रवेश घेण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे दिसले. त्यांनी त्या क्षुल्लक विलंबाचा पाठपुरावा केला आणि २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार उघड केला. बाधित आवृत्ती तोवर बहुतेक प्रमुख प्रणालींच्या स्थिर आवृत्त्यांत शिरली नव्हती.

यावरून मुक्त स्रोत असुरक्षित असतो, असा निष्कर्ष काही जणांनी काढला. तो पटण्यासारखा नाही. स्रोत खुला नसता तर फ्रॉइंड यांना अर्ध्या सेकंदाच्या मुळापर्यंत जाता आले नसते. खरी उणीव एका थकलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवलेल्या भाराची होती. बियाण्याच्या पिशवीतील नमुना शेतात पेरून वाणाची शुद्धता पडताळतात, तशी पद्धत सॉफ्टवेअरमध्येही रूढ होत आहे. खुल्या स्रोतापासून कोणीही स्वतंत्रपणे तयार माल बनवावा आणि तो वितरित मालाशी तंतोतंत जुळतो का ते पाहावे. डेबियन या लिनक्स प्रकल्पाचे स्वयंसेवक दशकाहून अधिक काळ या कामात गुंतले आहेत.

शासकीय कार्यालयांच्या दृष्टीने

भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर करून शासकीय प्रणालींत त्याला प्राधान्य दिले. धोरण योग्यच आहे. फक्त ‘परवाना शुल्क नाही’ याचा अर्थ ‘खर्च नाही’ असा केला, तर अंदाजपत्रकात देखभालीचा रकाना कोरा राहतो. जर्मनीने २०२२ पासून सार्वजनिक पैशातून नेमक्या याच देखभालीसाठी निधी देण्याची व्यवस्था केली आहे.

संख्याशास्त्राच्या आर या मुक्त सॉफ्टवेअरचा एक नियम येथे सांगण्यासारखा आहे. पीकप्रयोगांच्या आकडेवारीचे पृथक्करणही त्यावर करतात. ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ते सुरू केले. त्याच्या मध्यवर्ती भांडारात हजारो पूरक संच आहेत, आणि प्रत्येक संचावर देखभाल करणाऱ्या एका व्यक्तीचे नाव व चालू पत्ता असावाच लागतो. समितीचे नाव चालत नाही. संचांच्या चाचण्या भांडारात नियमितपणे होतात. दोष आढळला आणि कळवूनही दुरुस्त झाला नाही तर संच भांडारातून काढला जातो. देखभाल करणारा उरला नाही, तर नोंदीत त्याच्या नावाच्या जागी ‘अनाथ’ असा शब्द लिहितात. कार्यालयासाठी एखादी प्रणाली स्वीकारताना करारात हीच नोंद मागता येईल: स्रोत कोणाच्या ताब्यात राहील, प्रसारणानंतर दुरुस्त्या कोण करील, किती वर्षे, आणि तो माणूस बदलला तर काम कोणाकडे जाईल.

शिक्षकांसाठी मुंबईच्या आय. आय. टी.चे स्पोकन ट्युटोरियल हे ध्वनिचित्रपाठ उपयोगी आहेत. त्यांतील पुष्कळ मराठीतूनही मिळतात. आणि दोष कळविण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. कोणते सॉफ्टवेअर, त्याचा आवृत्ती क्रमांक काय, कोणता शब्द टंकला, तो कसा उमटावयास हवा होता आणि प्रत्यक्षात कसा उमटला, एवढे पडद्याच्या छायाचित्रासह कळविले तर देखभाल करणाऱ्याचे निम्मे काम झालेले असते.