वरळीची खुर्ची



मी सातवी शिकलेली. भाषण येत नाही. पाहिले तेवढे सांगते.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची मंडळी मुंबईस वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र पाहावयास गेलो. १९८५ साली सुरू झालेले हे केंद्र. इतर संग्रहालयांत ‘हात लावू नये’ अशी पाटी असते. येथे हात लावल्यावाचून काही कळतच नाही. मुले पुढे पळाली. मी आपली डब्याची पिशवी सांभाळीत बाकावर. आपल्या नशिबी बाकच, नाही का?

बागेत दोर ओढून आपणच आपल्याला वर उचलावयाची खुर्ची होती. वर कप्प्या. मी जवळ गेले तर नववीतली लेक म्हणाली, “आई, तुला नाही कळायचं.”

ते मात्र मला लागले. पिशवी ह्यांच्या हाती दिली, पदर खोचला आणि बसले. दोर ओढला, तो काय, मी वर!

माहेरी विहिरीवर एकाच कप्पीने घागर ओढताना हात भरून येत. मग येथे हे सोपे कसे? लेकीला व्याख्या पाठ, पण उत्तर सुचेना. मी पुन्हा सावकाश ओढून पाहिले. हातभर दोर ओढावा, तेव्हा खुर्ची वीतभर चढते. भार दोराच्या पदरांत वाटला जातो, म्हणून जोर कमी. पण दोर मात्र जास्त ओढावा लागतो.

“पुन्हा दाखव ना,” लेक म्हणाली.

हे बाकावर पिशवी घेऊन बसले होते. डबा उघडायला तीन वाजले.