घराचा हिशेब उघडा ठेवा

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. बँकेच्या काउंटरवर बसणारा एक साधा कारकून आहे. 'संकटकाळातील कुटुंब' हा विषय मला दिला गेला, तेव्हा पुस्तके धुंडाळण्यापेक्षा माझ्याच घराची हकिगत सांगावी असे ठरविले.

माझे वडील मुंबईतील एका कापड गिरणीत रिंग खात्यात कामाला होते. आपल्या समाजाची बरीच माणसे याच खात्यात असत. विणकाम खात्यात पगार अधिक. परंतु तेथे धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून पूर्वी अस्पृश्यांना मज्जाव होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी या अन्यायाला वाचा फोडली, हे आपण जाणताच.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. मी तेव्हा पाच वर्षांचा. बी.डी.डी. चाळीतील एका खोलीत आम्ही सहा माणसे राहत होतो. आई गावाकडच्या चार गिरणी कामगारांना जेवू घाली. तेही संपातलेच, ते गावी निघून गेले आणि त्यांच्याकडची बाकी बुडाली. पितळेची भांडी एकेक करून मोडीत गेली. त्याच पावसाळ्यात आजी वारली.

वडील मात्र रोज म्हणत, "पुढच्या आठवड्यात मिटेल." आणि रोज थोडा तांदूळ, थोडे तेल घरात येई. ते कोठून येते हे कोणी विचारले नाही. एके सकाळी सावकाराचा माणूस दारात उभा राहिला, तेव्हा सारा उलगडा झाला. वडिलांनी शेकडा दहा रुपये महिना व्याजाने पैसे उचलले होते.

आई भांडली नाही. तो माणूस गेल्यावर तिने दार लोटले आणि एवढेच विचारले, "आणखी कोणाकोणाचे आहेत?" वडील खाली मान घालून एकेक नाव सांगू लागले. ताई आठवीत होती. तिने आपल्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर ते सारे लिहून काढले. आईला अक्षरओळख नव्हती, पण त्या रात्रीपासून जेवणे झाली की ती म्हणे, "वाच गं." आलेला रुपया, गेलेला रुपया, उरलेले देणे सर्वांसमोर वाचले जाई. पुढे आई धुणीभांडी करू लागली. वडिलांना गिरणीने परत घेतले नाही. त्यांनी रखवालदारी धरली. चार वर्षांनी सावकार फिटला.

बंधू-भगिनींनो, या वहीने सगळे काही वाचविले असे मी म्हणणार नाही. १९८४ साली दादा दहावीला पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला. त्याला डिप्लोमा करायचा होता. परंतु वहीत काय आहे हे त्यालाही ठाऊक होते. तो भिवंडीला यंत्रमागावर गेला. त्या रात्री आईने ताईला देण्याच्या यादीत एक ओळ लिहायला लावली : 'दादाचे शिक्षण.' पुढे रक्कम नव्हती. मी बी.ए. झालो, बँकेत लागलो, तो त्या देण्यावर. २०१४ साली दादाच्या मुलीची इंजिनिअरिंगची फी मी भरली. ताईने ती जुनी वही काढली व ओळ खोडायला पेन उघडले. दादाने तिचा हात धरला. म्हणाला, "राहू दे. माझे देणे दुसऱ्या कोणी शिकून फिटत नाही." त्याचे खरे होते. पण हे तो आम्हा सर्वांसमोर बोलू शकला, मनात कुढत बसला नाही, हेही त्या वहीचेच देणे.

आज काउंटरवर मी काय पाहतो? नोकरी गेल्याचे घरी न सांगता रोज डबा घेऊन निघणारे गृहस्थ. पतीच्या निधनानंतरच त्याचे कर्ज समजलेल्या भगिनी. खात्याला वारसाचे नाव लावलेले नाही, म्हणून चकरा मारणारी मुले. संकट प्रत्येक घरावर येते. पण झाकलेले संकट घरातल्या माणसांनाच एकमेकांपासून तोडते.

तथागतांनी पहिले सत्य सांगितले ते दुःख आहे हेच. ते मान्य केल्याशिवाय पुढचा मार्ग दिसत नाही. सिगालोवाद सुत्तात तर गृहस्थाने मिळकतीचा चौथा भाग अडीअडचणीसाठी राखावा, असा व्यवहारी उपदेश आहे. चौथा भाग प्रत्येकाला जमेलच असे नाही. पण दोन गोष्टी जमतील. खात्याला वारसाचे नाव लावा, आणि आज रात्री जेवणानंतर पत्नी व जाणती मुले यांच्यासमोर आपले येणे-देणे मोकळेपणाने मांडा. वही नसेल तर कॅलेंडरच्या मागे लिहा.