बदलीचं स्टेशन आणि चार आवाज

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ सभासदांच्या संगीत-श्रवण कार्यक्रमात केलेले भाषण)



आयुष्यभर बँकेत नोकरी केली. त्यामुळे ‘ट्रान्स्फर’ हा शब्द ऐकला की आजही माझ्या पोटात गोळा येतो. आज ज्यांच्याबद्दल बोलणार आहे, त्या अमेरिकन गायकांच्या चौकडीचं नावच आहे ‘द मॅनहॅटन ट्रान्स्फर’! आमच्या सौ. म्हणाल्या, “बघा, रिटायर झालात तरी बदलीने पाठ सोडली नाही.”

हे नाव त्यांनी जॉन डॉस पॅसॉस यांच्या 1925 सालच्या कादंबरीवरून घेतलं. कादंबरीला ते मिळालं एका रेल्वे स्टेशनवरून. न्यूयॉर्कजवळ, न्यू जर्सीतल्या हॅरिसन गावात हे स्टेशन 1910 ते 1937 या काळात होतं. तिथे वाफेचं इंजिन काढून विजेचं लावायचे, कारण पुढे नदीखालचा बोगदा होता. आपल्या इगतपुरीला पूर्वी इंजिन बदलायचं, तसंच. गंमत म्हणजे त्या स्टेशनातून गावात जायला वाटच नव्हती. उतरायचं, दुसरी गाडी पकडायची आणि पुढे जायचं, एवढंच.

या चौकडीचा मूळ पुरुष टिम हाऊसर. 1969 मध्ये त्याने या नावाचा एक संच काढला, तो मोडला. मग 1972 मध्ये तो न्यूयॉर्कला टॅक्सी चालवत होता. एकदा लॉरेल मॅसे नावाची मुलगी टॅक्सीत बसली. ती हॉटेलात वेट्रेस होती आणि तिला गायिका व्हायचं होतं. थोड्याच दिवसांत एका पार्टीत जॅनिस सीगल भेटली. ब्रॉडवेच्या नाटकात काम करणारा ॲलन पॉल चौथा. 1978 मध्ये लॉरेलला मोटार अपघातात फार मार लागला आणि तिने संच सोडला. 1979 मध्ये तिच्या जागी शेरिल बेंटिन आली. ही चौघं पुढे पस्तीस वर्षं एकत्र गायली. 1981 च्या त्यांच्या एकाच अल्बममधल्या गाण्यांना पॉप आणि जॅझ अशा दोन्ही विभागांत ग्रॅमी मिळाली. एका वर्षात असं करणारा हा पहिलाच संच.

आता ही मंडळी गातात काय, तर हार्मनी. आपल्याकडे गणपतीच्या आरतीत आपण पन्नास जण एकच चाल म्हणतो. पट्टी मात्र प्रत्येकाची वेगळी असते, ते सोडा! हार्मनीत चौघांचे सूर मुद्दाम वेगळे असतात. एकाच क्षणी चार स्वर आणि त्यांची मिळून एक गोष्ट तयार होते. हे आपल्याला अगदीच परकं नाही. ‘अलबेला’ची गाणी आठवा. सी. रामचंद्र, म्हणजे आपले राम चितळकर, आणि त्यांच्या बरोबरीने गोव्याचे चिक चॉकलेट. सेबास्टियन डिसोझांसारख्या गोव्याच्या अरेंजर लोकांनी हिंदी सिनेमात व्हायोलिनचे थर रचले. तेव्हा कान आपले तयार आहेत, फक्त नाव माहीत नव्हतं.

यांची दुसरी खासियत म्हणजे ‘व्होकलीज’. वाद्यावर वाजलेल्या एखाद्या सोलोला, त्यातल्या प्रत्येक वळणाला शब्द बसवायचे आणि ते गायचे. बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईची रेकॉर्ड घेऊन कुणी तिच्या तानेतानेला शब्द लावले आणि चौघांनी मिळून गायले, असं समजा.

ऑक्टोबर 2014 मध्ये टिम हाऊसर गेला. बहात्तर वर्षांचा होता. ज्याने संच उभा केला, तोच गेल्यावर उरलेल्या तिघांनी काय करायचं? बंद करायचं, की जुन्या रेकॉर्डचीच उजळणी करत राहायचं? त्यांनी ट्रिस्ट कर्लेस या तरुण गायकाला घेतलं. टिमच्या आजारपणात त्याने टिमची जागा सांभाळली होतीच. मार्च 2018 मध्ये नवा अल्बम आला. त्याचं नाव ‘द जंक्शन’. बदलीच्या स्टेशनावरून निघालेली गाडी जंक्शनवर आली!

हा अल्बम म्हणजे मिसळ आहे. पहिलंच गाणं ‘कँटालूप’. हर्बी हँकॉकची 1964 ची जॅझ रचना, तिच्यावर नव्वदच्या दशकात पोरांनी रॅप केलं आणि त्यावर आता या साठी ओलांडलेल्यांनी आपला साज चढवला. खरं सांगतो, हे गाणं मला अजूनही फारसं रुचत नाही. त्याच्याच शेजारी ‘स्विंग बाल्बोआ’, जुन्या नाचाच्या ठेक्याचं, त्यावर माझा पाय आपोआप हलतो. मग एक्सटीसी या इंग्लिश रॉक बँडचं गाणं, मग हॅरी बॉश या कादंबऱ्यांतल्या डिटेक्टिव्हवरचं ब्लूज. निर्माता मर्विन वॉरन हा ‘टेक सिक्स’ या त्यांच्या नंतर आलेल्या हार्मनी संचातला. म्हणजे ज्येष्ठांनी आपली गाडी धाकट्याच्या हातात दिली.

ऐकायची एक युक्ती सांगतो. पहिल्यांदा सगळं सलग ऐका. दुसऱ्यांदा फक्त सर्वांत खालचा, खर्जातला आवाज पकडा. तो सहजासहजी कानावर येत नाही, आपल्या पंप चालवणाऱ्या माणसासारखा. टाकी भरलेली असते तोवर त्याची कुणाला आठवण नसते! पण तो आवाज मनातल्या मनात काढून टाका, की वरचे तिघे तरंगायला लागतात. तिथे आता ट्रिस्ट आहे. तो टिमची नक्कल करत नाही. स्वतःच्या आवाजात गातो आणि बाकीचे तिघे त्याच्या आवाजाशी आपला आवाज जुळवून घेतात. मला या अल्बममध्ये सगळ्यांत मोठी गोष्ट हीच वाटते. नव्याने जुळवून घ्यायचं असं आपण नेहमी म्हणतो. इथे जुन्यांनीही जुळवून घेतलं आहे.

हा अल्बम मला कुणी दिला, तेही सांगतो. रविवारी संध्याकाळी आम्ही चौघे जण माझ्याकडे गाणं ऐकायला बसायचो. त्यातले ए विंगमधले आमचे स्नेही दोन वर्षांपूर्वी गेले. या संस्थेचं नोंदणीचं काम त्यांनी चपला झिजवून केलं होतं. त्यांच्यानंतर बैठक बंदच पडली. त्यांची खुर्ची बघवत नव्हती. मग एकदा तिसऱ्या मजल्यावरचा एक भाडेकरू मुलगा दारात आला. म्हणाला, “काका, रविवारी तुमच्या खिडकीतून कुमारजी ऐकू यायचे. बंद का झालं?” त्याला आत बोलावलं. तो कुठे बसला हे वेगळं सांगायला नको. पुढच्या रविवारी त्याने हा अल्बम आणला.

म्हणून एक विनंती. रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात फक्त सभासदांच्या घरच्यांनी भाग घ्यावा, भाडेकरूंनी नको, असं मत मागच्या सभेत काहींनी मांडलं. उपविधीप्रमाणे भाडेकरूला मत नाही, मला मान्य आहे. मी बँकेतला माणूस, नियम मोडा असं सांगणार नाही. पण मत नाही म्हणजे गळा नाही, असं कुठल्या उपविधीत लिहिलंय? आणि वर्गणीची पावती फाडताना आपण भाडेकरूचं दार चुकवतो का? पंचवीस वर्षांपूर्वी इथे राहायला आलेल्या आपल्यापैकी किती जण आज या हॉलमध्ये आहेत, नुसतं मोजा. खुर्च्या रिकाम्या होणारच. त्या रिकाम्या ठेवून गेलेल्यांचा मान राहतो, असं मला वाटत नाही.

त्या चौकडीने डिसेंबर 2023 मध्ये लॉस एंजेलिसला शेवटचा कार्यक्रम केला आणि आपणहून निरोप घेतला. ट्रिस्ट शेवटपर्यंत त्यांच्यात होता. आपल्या संस्थेला काही असा निरोप घ्यायचा नाही. लिफ्ट चालू ठेवायची आहे, पाणी सोडायचं आहे आणि गाणंही चालू ठेवायचं आहे.

आमची बैठक पुन्हा सुरू आहे. दर रविवारी संध्याकाळी साडेपाच. सभासद, भाडेकरू, पाहुणे, कुणीही या. चहा आमच्याकडे, खुर्ची मात्र आपापली आणा.