चुंबळीतली द्राक्षे



आजच्या भाषणाचा विषय पत्रिकेत ‘एका ग्रीक बेटावरील संध्याकाळ’ असा छापला आहे. तो मुद्दामच मोघम दिला आहे. खरा विषय मी चिटणिसांना फोनवर सांगितला, तेव्हा ते क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, “अण्णा, आपल्याकडे पहिल्या रांगेत माळकरी मंडळी बसतात.” मी म्हटले, “माझ्या घरातही बसतात, आणि त्या बेटावर माझ्या शेजारीच बसल्या होत्या.” तेव्हा कुठे परवानगी मिळाली.

तर प्रथमच सांगून टाकतो. २०२३ च्या ऑगस्टच्या अखेरीस, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, मी सांतोरिनी नावाच्या बेटावर पैसे भरून वाइन चाखायला गेलो. शेतकी खात्यात नोकरी केली, जन्मभर द्राक्षांवरच्या रोगांना औषधे सांगत हिंडलो, निफाड तालुक्यात थोरल्या भावाची बाग आहे. पण द्राक्षाचे पुढे जे होते त्याला कधी तोंड लावले नव्हते. गंगापूर धरणाच्या काठी वाइनचे कारखाने उभे राहिले, ‘नाशिक व्हॅली’ असे भौगोलिक मानांकनही २०१० साली मिळाले, तरी आमचे सोवळे शाबूत होते. जर्मनीत असलेल्या मुलीने आम्हा दोघांची सहल ठरवली आणि त्यात ही एक संध्याकाळ घातली. पैसे भरून झाले होते. ते बुडवणे हे आमच्या पिढीला मद्यपानापेक्षा मोठे पाप वाटते.

आता बेट कुठे आहे ते सांगतो. ग्रीसच्या दक्षिणेला एजियन समुद्रात सांतोरिनी आहे. जुने नाव थिरा. क्षेत्रफळ अवघे ७६ चौरस किलोमीटर. बेट म्हणजे एका डोंगराचा फुटका काठ आहे. इसवी सनापूर्वी सोळाशेच्या सुमारास ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, बेटाचा मधला भाग समुद्रात गेला आणि उरली ती चंद्रकोरीसारखी कड. आतल्या बाजूला तीनतीनशे मीटर सरळ तुटलेले कडे, खाली खोल निळे पाणी, आणि पाण्याच्या मध्यभागी एक काळे ठिपूर बेट, ज्यातून १९५० सालीही धूर आणि लाव्हा बाहेर पडला. चित्रांत दिसणारी पांढरी गावे त्या कड्याच्या ओठावर आहेत. द्राक्षमळे दिसतात ते पाठीमागच्या उतारावर, आणि तिकडे कोणी फारसे पाहत नाही.

दुपारी साडेचारला एक लहान गाडी आम्हांला न्यायला आली. आम्ही आठ प्रवासी होतो आणि आमची वाटाड्या पंचविशीतली एक मुलगी होती. तिने प्रथम कारखान्यात न नेता एका रानात उतरवले. मी खाली उतरलो आणि इकडेतिकडे पाहू लागलो. मांडव नाही, तारा नाहीत, खांब नाहीत, ठिबकच्या नळ्या नाहीत. करड्या, भुसभुशीत राखेच्या जमिनीवर दोन-अडीच मीटरांवर एकेक हिरवे घरटे पडलेले. वारा असा की टोपी हातात धरावी लागली. मी तिला विचारले, “मळा कुठे आहे?” ती म्हणाली, “तुम्ही त्यात उभे आहात.”

माझी चाळीस वर्षांची विद्या तिथे क्षणभर लुळी पडली. आमच्या घरच्या माणसाने मात्र खाली वाकून एका घरट्यात डोकावले आणि म्हटले, “अहो, ही तर चुंबळ आहे!”

याहून नेमका शब्द मला आजवर सापडलेला नाही. डोक्यावर हंडा घेताना बायका कापडाची गोल गुंडाळी करतात ना, तशीच ती वेल गोल गोल विणलेली असते. ग्रीक भाषेत तिला ‘कुलुरा’ म्हणतात. हिवाळ्यात छाटणी झाली की मागच्या वर्षीच्या काड्या तोडून न टाकता खोडाभोवती वळवायच्या, एकात एक गुंतवायच्या. पुढच्या वर्षी त्यावर नवा वळसा. असे वर्षानुवर्षे करत टोपली तयार होते. द्राक्षाचे घड त्या टोपलीच्या आत, जमिनीपासून वीतभर उंचीवर धरतात. वारा वरून निघून जातो, उडणारी रेती मण्यांना लागत नाही, आणि पानांची सावली राहते. यंत्र चालणे शक्यच नाही. छाटणी, विणकाम, तोडणी, सारे कमरेत वाकून हातांनी करावे लागते. तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या पाठी मी पाहिल्या. त्याही चुंबळीसारख्याच वळलेल्या आहेत.

आता पाण्याचे पाहा. बेटावर नदी नाही. पाऊस पडतो तो हिवाळ्यात आणि आपल्या दुष्काळी माणदेशालाही कमी वाटावा इतकाच. मग वेल जगते कशी? त्या राखेत प्युमिस नावाचा सच्छिद्र, पाण्यावर तरंगणारा दगड असतो. रात्री समुद्रावरून येणारा दमटपणा तो स्पंजासारखा शोषून घेतो आणि दिवसा हळूहळू मुळांना देतो. अर्थात एवढ्यावर उत्पन्न ते किती येणार? हेक्टरी दोन-अडीच टन निघाले तरी समाधान मानावे. आपल्याकडे तेवढे एका एकरात आले तर आपण त्याला बाग बुडाली म्हणतो.

पण ह्याच राखेने त्यांना एका मोठ्या संकटातून वाचवले. फायलॉक्सेरा नावाचा मुळे खाणारा एक किडा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून युरोपात आला. फ्रान्सचे मळेच्या मळे त्याने उजाड केले. शेवटी उपाय सापडला तो अमेरिकन खुंटावर कलम करण्याचा; आजही युरोपातील बहुतेक वेली परक्या पायांवर उभ्या आहेत. (आपणही डॉगरिजच्या खुंटावर कलम करतो, पण आपले कारण खारी जमीन आणि पाण्याची टंचाई.) सांतोरिनीच्या जमिनीत चिकणमाती जवळजवळ नाहीच, म्हणून तो किडा तिथे टिकला नाही. तिथली वेल स्वतःच्या मुळांवर आहे. नवी वेल लावायची तर शेजारच्या वेलीची काडी मातीत दाबून मुळ्या फुटेपर्यंत ठेवतात, म्हणजे आपले दाबकलम. आणि सत्तर-ऐंशी वर्षांनी टोपली थकली, फळ कमी झाले की ती जमिनीलगत कापून टाकतात. खालचे मूळ पुन्हा फुटते. पुन्हा पहिला वळसा. एका वेलीकडे बोट दाखवून वाटाड्या म्हणाली की हिचे मूळ तीनशे वर्षांचे असेल. मुळाचे वय कोणी मोजले म्हणून मी वाद घालणार होतो, पण घातला नाही.

तिथून निघालो ते ‘कानावा’ पाहायला. कानावा म्हणजे राखेच्याच थरात कोरलेले कमानदार तळघर. बाहेर ऊन रणरणत असताना आत गारवा. इथे चाखण्याचा विधी सुरू झाला. विधीच तो. पेल्यात आचमनाहून थोडी अधिक वाइन ओततात. प्रथम उजेडात धरून रंग पाहायचा, मग पेला गरगर फिरवायचा, मग नाक घालायचे, मग घोट घेऊन तोंडात खेळवायचा आणि मग, मंडळी, थुंकायचा! त्यासाठी टेबलावर चक्क पिकदाणी ठेवलेली होती. इतके पैसे भरून थुंकायचे, हे आमच्या सौभाग्यवतींना फार पसंत पडले. त्यांच्यासाठी पुदिन्याचे पाणी आले होते.

पहिला पेला आसिर्तिको जातीच्या पांढऱ्या द्राक्षाचा. मला वाटले होते, गोड असेल. कसले गोड! लिंबाच्या सालीसारखी चुरचुर, आणि मागून जिभेवर खारटपणा. समुद्रात डुबी मारून ओठ चाटावेत तसा. उन्हाळ्यात द्राक्ष पिकू लागले की आंबटपणा उतरतो हे आपण जाणतो. ह्या जातीचा गुण असा की भर उन्हातही ती आंबटपणा सोडत नाही. दुसरा पेला ‘निक्तेरी’चा. ग्रीक भाषेत रात्र ह्या शब्दावरून हे नाव आले. पूर्वी थंडाव्याची यंत्रे नव्हती. दिवसभर तोडलेली द्राक्षे दिवसा तुडवली तर रस उष्णतेने बिघडे. म्हणून सूर्य मावळल्यावर हौदात उतरायचे आणि उजाडण्यापूर्वी काम संपवायचे. आज यंत्रे आहेत, रात्र जागावी लागत नाही. नाव तेवढे जागे आहे.

सोबत खायला चीज, तिथले लहान टोमॅटो आणि ‘फावा’ नावाचे पिवळे वरण होते. त्या फाव्याची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते कडधान्य म्हणजे आपल्या विदर्भातल्या लाखोळीची सख्खी चुलत बहीण. जिच्या विक्रीवर आपल्याकडे १९६१ साली बंदी आली, तिच्याच भावकीतली डाळ तिथे मानांकन मिळवून, वर ऑलिव्हचे तेल आणि कांदा घेऊन, चांदीसारख्या वाडग्यात येते. हिने दोनदा मागून घेतली.

शेवटी आम्हांला कड्यावर नेले. सूर्यास्ताची वेळ. शेकडो माणसे मोबाइल उंचावून उभी होती. तिथे ‘विनसांतो’ आला. तोडलेली द्राक्षे बारा-चौदा दिवस उघड्या उन्हात वाळवतात आणि त्या सुकत आलेल्या मण्यांचा रस काढून ओकच्या पिंपांत निदान दोन वर्षे ठेवतात. तासगावच्या बेदाण्याचा वास डोळ्यांपुढे आणा. त्यात अंजीर आणि थोडा जळका गूळ मिसळा. हा रस एके काळी बेटाच्या जहाजांतून रशियाला जाई, तिथल्या चर्चमधल्या तीर्थासाठी. १९१७ च्या क्रांतीनंतर तो व्यापार बसला.

तिथे, पेला हातात असताना, मी वाटाड्याला विचारले, “तुमच्या घरी मळा आहे का?” ती म्हणाली, “होता.” मग सावकाश सांगू लागली. १९५६ च्या ९ जुलैला मोठा भूकंप झाला. पन्नासहून अधिक माणसे गेली, घरे कोसळली, कुटुंबेच्या कुटुंबे अथेन्सला निघून गेली. त्यात तिची आजीही. मळे ओस पडले. पुढे प्रवासी येऊ लागले आणि त्याच जमिनीला सोन्याचा भाव आला. तिच्या चुलत्याने मळा विकला. तिथे आज पोहण्याचा तलाव असलेले हॉटेल आहे. १९५६ पूर्वी आजच्या दुपटीहून अधिक जमीन द्राक्षाखाली होती असे सांगतात. आता हजार हेक्टरांच्या आसपास उरली आहे. पंधरा-सोळा हजार वस्तीच्या बेटावर वर्षाला तीस लाखांवर प्रवासी उतरतात. वाइनला मान आहे, १९७१ पासून संरक्षित नाव आहे, द्राक्षाला पूर्वी कधी नव्हता इतका भाव आहे; पण चुंबळ विणायला माणूस मिळत नाही, कारण तोच माणूस हॉटेलात सामान उचलून अधिक मिळवतो. “आणि मीसुद्धा,” ती म्हणाली, “विणायला शिकले नाही. दाखवायला शिकले.”

मला तो पेला जड झाला. आम्ही आठजण आलो होतो ते मळा पाहायला. आणि मळा जात होता तो आमच्यासारख्यांच्या खोल्यांसाठी.

ती राख पूर्वीही विकली गेली आहे. सुवेझचा कालवा १८५९ ते १८६९ ह्या काळात खोदला गेला, तेव्हा पाण्यातही घट्ट होणाऱ्या चुन्यासाठी ह्या बेटांची राख जहाजे भरभरून नेली. त्या कालव्याने आपली मुंबई लंडनच्या पुष्कळ जवळ आली. ती खोदताखोदताच राखेखाली गाडलेल्या प्राचीन घरांच्या भिंती प्रथम दिसल्या. पुढे १९६७ मध्ये आक्रोतिरीला उत्खनन सुरू झाले आणि अख्खे गाव सापडले. गावात माणसांचे सांगाडे मात्र मिळाले नाहीत. स्फोटाआधीच लोक निघून गेले असावेत.

आम्ही परतलो. तीन महिन्यांनी, नोव्हेंबरच्या २६ तारखेला, आपल्याकडे काय झाले ते इथे बसलेल्या निम्म्या लोकांना सांगायला नको. भावाच्या बागेत गारा पडल्या तेव्हा मणी ज्वारीएवढे होते. मी दुसऱ्या दिवशी गेलो. तो बांधावर बसला होता. बाग हमरस्त्याला लागून आहे. मंगल कार्यालय बांधू म्हणणारा एक गृहस्थ दोन वर्षे मागे लागला आहे, त्याचा फोन सकाळीच येऊन गेला होता. मी भावाला त्या बेटाचे सांगितले: टोपली कापतात, मूळ ठेवतात. तो म्हणाला, “त्यांचे मूळ त्यांचे आहे. माझे डॉगरिजचे. खालून फुटले तर डॉगरिजच फुटेल.” ह्यावर शेतकी खात्याच्या माणसाकडे उत्तर नव्हते. त्याने बाग अजून विकलेली नाही, एवढे सांगतो. पुढचे मला ठाऊक नाही, आणि त्यालाही नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत सांतोरिनीला पुन्हा भूकंपाचे धक्के बसत होते; दहा हजारांवर माणसे बोटींनी, विमानांनी बेट सोडून गेली. ते दिवस छाटणीचे, चुंबळी विणण्याचे. मी वर्तमानपत्रात बातमी वाचून भावाला दाखवली. त्याने ती दोनदा वाचली आणि विचारले, “छाटणीला कोण राहिले असेल रे?” मग थोडा वेळ गेल्यावर म्हणाला, “तू इतके पेले चाखलेस, लिंबाची साल सांगितलीस, मीठ सांगितलेस, जळका गूळ सांगितलास. पण ते द्राक्ष खायला कसे लागते, ते काही सांगितले नाहीस.”

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले. कानाव्याच्या अंगणात ती द्राक्षे उन्हात हारीने वाळत पडली होती, मी त्यांच्या कडेने चालत गेलो होतो. पण एक मणीसुद्धा तोंडात टाकला नव्हता.