दया त्याची, हात आपले

(तुकाराम बीजेनिमित्त तळवडे येथे झालेल्या कुटुंब मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



तुकाराम बीजेचा दिवस आणि श्रीक्षेत्र देहू हाकेच्या अंतरावर, असा योग लाभलेल्या आपल्यासारख्या श्रोत्यांपुढे एका पत्रकाराने परमेश्वराच्या दयेविषयी बोलावे, हे थोडे धाडसाचेच आहे. कीर्तनकाराचा अधिकार मला नाही. माझा व्यवसाय बातमीचा आणि बातमीच्या धंद्यात देवाची दया फारशी नजरेस पडत नाही. तेथे अपघात येतात, पूर येतात, भूकंप येतात. त्यामुळे मला जे बोलायचे आहे, ते त्या बाजूने येऊनच बोलावे लागेल.

कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी आपल्यातल्याच एका भगिनीने मला बाजूला घेऊन एक प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "दादा, रोज सांजवात लावताना मुलांना सांगते की देव दयाळू आहे, तो सगळ्यांना सांभाळतो. पण आपल्या तळवड्यातल्या त्या आगीनंतर माझी मुलगी विचारते, मग त्या बायकांना का नाही सांभाळलं? मी काय उत्तर देऊ?"

८ डिसेंबर २०२३ चा तो दिवस आपणापैकी कोणीच विसरलेले नाही. वाढदिवसाच्या केकवर लावायच्या, ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या जेथे तयार होत, तेथे भर दिवसा आग लागली. आत काम करणाऱ्यांत बहुसंख्य आपल्या भगिनी होत्या. काहींचा जागीच अंत झाला, काहींनी पुढच्या दिवसांत रुग्णालयात प्राण सोडले. दुसऱ्याच्या घरच्या आनंदाच्या क्षणासाठी मेणबत्त्या करणाऱ्या या महिलांच्या घरी त्या संध्याकाळी दिवा लागला नाही. अशा गावात उभे राहून 'देव दयाळू आहे' हे वाक्य सहज उच्चारता येत नाही. आणि येऊही नये.

म्हणून आजचे सगळे बोलणे मी त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर म्हणूनच करणार आहे.

प्रथम आपल्या मनातली एक समजूत तपासून पाहू. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी भक्ताचा योगक्षेम आपण वाहतो, असे आश्वासन दिले आहे. आपल्या आयुर्विमा महामंडळाने तेच वचन बोधवाक्य म्हणून घेतले. विमा कंपनीने ते घेण्यात गैर काहीच नाही. गंमत अशी की, आपण मात्र उलट प्रवास केला. विमा कंपनीने देवाचे वाक्य घेतले आणि आपण देवालाच विमा कंपनी करून टाकले! नवस म्हणजे हप्ता, उपवास म्हणजे हप्ता, संकष्टीला रांगेत उभे राहणे म्हणजेही हप्ता. हप्ते वेळेवर भरले की आपल्या घराला काही होता कामा नये, अशी आपली अपेक्षा. चाकणच्या कारखान्यातली नोकरी टिकावी, कर्जाचे हप्ते फिटावेत, मुलाला चांगल्या महाविद्यालयात प्रवेश मिळावा. या इच्छा चुकीच्या नाहीत. देवाजवळ मागायचे नाही तर कोणाजवळ? पण मागणे वेगळे आणि करार करणे वेगळे. करार मोडला की आपण म्हणतो, देव निष्ठुर आहे. मुळात असा करार त्याने कधी केलाच नव्हता. गीतेतले ते आश्वासन नित्य जोडलेल्यांसाठी आहे. प्रसंगापुरत्या येणाऱ्या ग्राहकांसाठी ते नाही.

मग नित्य जोडलेला माणूस कसा असतो? त्यासाठी लांब जायला नको. देहूच्या तुकोबांचेच चरित्र पाहू.

तुकोबांचे घराणे खाऊनपिऊन सुखी होते. घरात महाजनकी होती, बाजारात दुकान होते, सावकारी होती आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पंढरीची वारी होती. आईवडील गेले. वहिनी गेली आणि विरक्त झालेला थोरला भाऊ सावजी घर सोडून तीर्थाटनाला निघून गेला. संसाराचा भार तरुण तुकोबांवर आला. आणि मग इ. स. १६३० च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ आला. एकीकडे पावसाने पाठ फिरवली, दुसरीकडे शहाजहानच्या फौजा दक्षिणेत उतरलेल्या. पुणे परगणाही याच काळात उद्ध्वस्त झाला. अशा वेळी तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली. तिला दम्याचा विकार होता. लहानगा मुलगाही गेला. व्यापार बसला, दिवाळे निघाले, चारचौघांत मान खाली घालावी लागली.

मित्रहो, आपण ज्यांना जगद्गुरू म्हणतो, त्यांच्या घरी हे घडलेले आहे. देवाची दया म्हणजे संकटापासून संरक्षण, असा अर्थ धरला, तर पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठलाची सेवा करणाऱ्या या घराएवढा त्या संरक्षणावर हक्क दुसऱ्या कोणाचा होता?

या प्रसंगानंतर तुकोबांनी काय केले, यात आपल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. त्यांनी दोन गोष्टी केल्या. त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, अशी माझी विनंती आहे.

पहिली गोष्ट अभंगातली. एका प्रसिद्ध अभंगात तुकोबा आपल्या सर्व आपत्तींचा हिशेब मांडतात. धंदा बुडाला, दुष्काळाने पिडले, घरात सुख उरले नाही, जनांत अपमान झाला. आणि या प्रत्येक गोष्टीबद्दल ते देवाजवळ तक्रार न करता समाधान व्यक्त करतात. या सगळ्यामुळे मी तुझ्याकडे वळलो, असा त्यांचा भाव आहे. केवढे विलक्षण मन!

दुसरी गोष्ट इंद्रायणीच्या काठावरची. सावकारीच्या व्यवसायात लोकांकडून येणे असलेल्या रकमांचे कागद घरात होते. धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याचे निम्मे कागद त्यांनी त्यांना दिले आणि आपल्या वाट्याचे कर्जरोखे इंद्रायणीत सोडून दिले. दुष्काळाने पिचलेल्या कुळांच्या डोक्यावरचे ओझे त्या दिवशी उतरले. त्यांचे अभंगांच्या वह्यांचे बुडणे आणि तरणे आपणा सर्वांना पाठ आहे. पण त्याआधी याच नदीत त्यांनी कर्जाचे कागद बुडवले होते आणि ते मात्र वर आले नाहीत, याची आठवण आपण कमी ठेवतो.

आता या दोन गोष्टी जोडून पाहा. 'जे झाले ते बरेच झाले' ही भावना तुकोबांनी कोणाच्या दुःखाविषयी व्यक्त केली? फक्त स्वतःच्या. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला ते असे म्हणाले नाहीत की, 'बाबा रे, देवाची इच्छा, तुझे दिवाळे निघाले हे चांगलेच झाले, आता नाम घे.' त्याच्यासाठी त्यांनी आपल्या हक्काचे कागद पाण्यात सोडले. स्वतःचे दुःख त्यांनी देवाचा प्रसाद म्हणून स्वीकारले आणि दुसऱ्याचे दुःख स्वतःचे कर्तव्य म्हणून उचलले.

आपण नेमके उलटे करतो. स्वतःला ठेच लागली की देवाला जाब विचारतो आणि शेजाऱ्याचे घर बुडाले की 'नशिबाचे भोग' म्हणून मोकळे होतो. म्हणून मला येथे आग्रहाने सांगावेसे वाटते, आगीत ज्यांची आई गेली, त्यांच्या दारात जाऊन 'देवाची इच्छा' हे शब्द उच्चारण्याचा अधिकार आपल्याला नाही. आग देवाने लावलेली नसते. ज्वालाग्राही माल कोठे साठवावा, बाहेर पडायला वाट किती असावी, कामगाराला कोणते प्रशिक्षण द्यावे, हे माणसांनी ठरवायचे आणि माणसांनीच पाळायचे नियम आहेत. आपली बेपर्वाई देवाच्या खाती लिहिणे, यासारखी नास्तिकता नाही.

मग देवाची दया दिसते तरी कोठे? तरुण वयात पाहिलेला एक प्रसंग सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणरायाला निरोप देऊन लोक झोपले होते. त्या झोपेतच दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. नवखा बातमीदार म्हणून मी त्या भागात गेलो होतो. एका ढिगाऱ्याजवळ एक वृद्ध माउली बसली होती. तिच्या घरातले कोण कोण गेले, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही. तिला नुकतेच कोणीतरी खिचडीचे ताट आणून दिले होते. तिने त्यातला अर्धा भाग बाजूला काढला आणि जवळ बसलेल्या एका अनोळखी पोराच्या हातात दिला. मग स्वतःच्या घासापूर्वी तिने हात जोडले. मी मूर्खासारखा विचारून बसलो, "आजी, अजून हात जोडता?" ती म्हणाली, "लेकरा, ज्यानं ताट आणून दिलं, त्याला कुणी धाडलं?"

त्या उत्तराने माझी बातमी संपली आणि विचार सुरू झाला. 'देवाने भिंत का पाडली' याचे उत्तर त्या माउलीजवळ नव्हते, माझ्याजवळ आजही नाही. पण भिंत पडल्यावर महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसे कोणीही हाक न मारता तेथे धावली, हे मी डोळ्यांनी पाहिले. स्वयंसेवकांनी ढिगारे उपसले, मृतदेहांना अग्नी दिला. पुढे जनकल्याण समितीने लातूरजवळ हरंगुळ येथे भूकंपग्रस्त मुलांसाठी निवासी विद्यालय उभे केले, ज्ञान प्रबोधिनीने हराळीला काम उभारले. अनाथ झालेली मुले तेथे शिकली, मोठी झाली. त्या माउलीच्या भाषेत सांगायचे तर, या सर्वांना कोणीतरी धाडले होते.

परमेश्वराच्या दयेवरचा विश्वास म्हणजे माझ्या मते एवढाच. दयेचा झरा कधी आटत नाही, ही खात्री ठेवायची आणि तो आपल्यापाशी अडू द्यायचा नाही. नदीचे पाणी डोंगरातून येते, पण शेतापर्यंत ते पाटानेच पोहोचते. पाट कोणी काढायचा?

यासाठी रोजच्या आयुष्यात फार मोठे काही करावे लागत नाही. रात्री जेवणापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे आणि आज आपल्याला न मागता काय मिळाले, हे प्रत्येकाने सांगावे. पहिल्या पाळीला जाताना कोणी दुचाकीवर मागे बसवून घेतले असेल, कोणी डबा वाटून घेतला असेल. कृतज्ञतेची ही सवय लागली की दया शोधावी लागत नाही. दुसरे, आपल्या गल्लीत बिहारहून, मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यातल्या किमान एका कुटुंबाचे नाव, गाव आणि अडचण आपल्याला ठाऊक असावी. आणि तिसरे, आपण कारखान्यात पर्यवेक्षक असाल, ठेकेदार असाल, तर सकाळी देवाला हात जोडल्यावर पहिले काम म्हणून बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे का, हे पाहावे. तीही पूजाच आहे.

वारकरी परंपरेतले एक नाव या परिसराला विसरता येणार नाही. चाकणचे संताजी जगनाडे तेलघाणा चालवीत. तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले. घाण्यावरचे तेच हात लेखणीही धरत होते. देवाने त्यांच्यासाठी काही चमत्कार केला की नाही, मला ठाऊक नाही. पण त्या हातांमुळे तुकोबांची वाणी आज आपल्या घरात आहे.

आता त्या भगिनीच्या मुलीला काय सांगावे? मला वाटते, तिला खरे सांगावे. 'बाळ, त्या मावशींना का वाचवले नाही, हे आईला ठाऊक नाही. माणसांनी काळजी घ्यायला हवी होती, ती घेतली नाही, एवढे ठाऊक आहे. पण त्यांच्या मुलांना आता देव सांभाळणार आहे आणि त्यासाठी त्याला आपले हात लागणार आहेत.' असे सांगून आईने त्याच सांजेला एका घरी जाऊन यावे, मुलीला बरोबर न्यावे. सांजवातीपुढचे तिचे वाक्य मग खोटे ठरणार नाही.



रामकृष्ण हरी. भारत माता की जय.